काळोखाचे गंतव्य आणि काळोखाचा उंबरठा : एका स्वीडिश संगीतकृतीचे झाडीपट्टीच्या संदर्भात परीक्षण

कलाकृतीच्या ‘वातावरणा’विषयी समीक्षेत वारंवार बोलले जाते, परंतु वातावरण म्हणजे नेमके काय, ते आशयात वसते की घटनेत, की केवळ आस्वादकाच्या मनःस्थितीत, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न क्वचितच होतो. साहित्यकृतीच्या बाबतीत ही संदिग्धता फारशी जाचत नाही. कारण तेथे स्थळ, काळ व पात्रे यांची वर्णने हाताशी असतात. संगीताला तसा आधार नाही. स्वरांत रात्र नसते, अरण्य नसते, मृत्यूही नसतो; आणि तरीही एखादी स्वररचना ऐकताना रात्र दाटून आली, अरण्य जवळ सरकले, असा प्रत्यय श्रोत्यास येतो. हा प्रत्यय कोठून येतो आणि तो श्रोत्यास कोठे नेऊन सोडतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या विचारासाठी आधारभूत मानलेली कृती मराठी वाचकास अपरिचित असण्याचा संभव आहे. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्ट्रोमस्टाड या लहानशा गावी १९८९ मध्ये ‘डिसेक्शन’ नावाचे एक वाद्यवृंदमंडळ स्थापन झाले. गायक व गिटारवादक योन नोट्वेइट हा त्याचा सूत्रधार. या मंडळाचा ‘द सोम्बरलेन’ हा पहिला अल्बम १९९३ मध्ये व ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’ हा दुसरा १९९५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. ज्या संगीतप्रकारास ‘मेलोडिक ब्लॅक मेटल’ म्हणजे स्वरप्रधान कृष्णधातुसंगीत म्हटले जाते, त्याची ही दुसरी कृती आदर्श मानली जाते. शीर्षकाचा आशय ‘प्रकाशाचा जो काळ, त्याचे वादळ’ असा सांगता येईल. काळोखाची इतकी उघड प्रतिज्ञा करणारी कृती काळोखाच्या कलारूपाचा विचार करण्यास सोयीची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

परीक्षणाची दुसरी बाजू मात्र जवळची आहे. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे गाव झाडीपट्टीच्या पूर्व कडेला, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या वनप्रदेशात वसलेले आहे. पूर्वीच्या मध्यप्रांतात, जुन्या भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी म्हणून त्याची नोंद होती. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. साग, बांबू, मोह व तेंदू यांचे हे रान. गोंड व हलबा समाजांची येथे जुनी वस्ती आहे. काळोखाविषयी जे काही सिद्धांतन करावयाचे, ते अशा ठिकाणी कसाला लावून पाहिले पाहिजे. कारण काळोख हा येथे अलंकार नव्हे, नित्याचा व्यवहार आहे.

१

प्रथम कृतीचे स्वरूप पाहू जाता तीत एकंदर आठ रचना असून त्यांचा अवधी सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा आहे. आरंभीची रचना शब्दविरहित आहे. तिचे काम गाभाऱ्यापूर्वीच्या सभामंडपासारखे, म्हणजे श्रोत्यास बाहेरच्या जगापासून तोडून आत घेण्याचे. शेवटची रचनाही शब्दविरहित असून ती केवळ पियानोवर वाजविलेली, दीडएक मिनिटाची आहे. मधल्या सहा रचनांत दोन गिटार, मंद्र गिटार, ड्रम व कंठ यांचा मेळ आहे. कंठ गाणारा नाही. तो खरडलेला, घोगरा, जवळजवळ मानवेतर वाटावा असा आहे. गिटारवर एकच स्वर अतिद्रुत आघातांनी अखंड छेडला जातो. आघात इतके दाट पडतात की त्यांचे वेगळेपण नाहीसे होऊन स्वराचा एक थरथरता पडदा तयार होतो. ड्रमही अनेक ठिकाणी याच न्यायाने वाजतात. सर्वाधिक वेग आणि सर्वाधिक स्तब्धता यांचा असा विलक्षण संकर या संगीतप्रकारात आढळतो. वाऱ्याने झोडपलेल्या अरण्यात प्रत्येक पान हलत असते, पण अरण्य जागचे हलत नाही, त्यातलाच हा प्रकार.

या प्रकाराचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ‘ब्लॅक मेटल’ हे नाव ‘व्हेनम’ या इंग्रज मंडळाच्या १९८२ मधील अल्बमच्या शीर्षकावरून रूढ झाले. पुढे १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत नॉर्वेतील काही तरुण मंडळांनी त्यास जाणीवपूर्वक रुक्ष, ओबडधोबड, कर्कश असे रूप दिले. ध्वनिमुद्रण मुद्दाम निकृष्ट राखणे हेही त्या रूपाचे अंग होते. सुखद वाटेल ते त्याज्य, असा तो पवित्रा होता. ‘डिसेक्शन’ने केलेला बदल या पार्श्वभूमीवर लक्षात येतो. त्यांनी कर्कशतेच्या पडद्यावर सुस्पष्ट, दीर्घ, लक्षात राहणारी स्वरवाक्ये उमटविली. दोन गिटार एकमेकींशी संवादी अंतर राखून तीच ओळ एकत्र चालवितात. मधूनमधून विजेच्या साहाय्याविना वाजणाऱ्या गिटारचे शांत तुकडे येतात. ‘व्हेअर डेड एंजल्स लाय’ या रचनेत तर लय उतरून जवळजवळ मिरवणुकीच्या चालीची होते. ध्वनिमुद्रणही नीटस आहे.

या स्वरवाक्यांचा स्वरसमूह पाश्चात्त्य संगीतातील ‘मायनर’ जातीचा आहे. कोमल गंधार, कोमल धैवत व कोमल निषाद ही त्याची लक्षणे आपल्याकडील आसावरी थाटाशी जुळणारी आहेत. अर्थात थाट जुळला म्हणजे राग जुळला असे होत नाही. रागाचे चलन, न्यास, अल्पत्व-बहुत्व यांतले येथे काही नाही. परंतु ज्या कानांवर आसावरी, दरबारी वा जौनपुरीचे संस्कार आहेत, त्यांस या कर्कश पडद्याआडून करुणाची एक ओळखीची छटा ऐकू येण्यास हरकत नाही. मुखपृष्ठावर क्रिस्टियान वोलिन या चित्रकाराने निळ्या-काळ्या रंगांत हिमाच्छादित अरण्य व घोड्यावरील मृत्यू रंगविला आहे. संगीत ऐकताना जे हिमयुक्त अरण्य ‘दिसते’, त्यातील काही भाग या चित्राची देणगी आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल.

२

या वातावरणाचे रसदृष्ट्या वर्गीकरण कसे करावे? प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. भरताने नाट्यशास्त्रात प्रत्येक रसास एक वर्ण व एक देवता नेमून दिली आहे. भयानकाचा वर्ण कृष्ण व देवता काल. काळोख, मृत्यू व काळा वर्ण यांचा मेळ तेथे आयताच घातलेला आहे. परंतु या अल्बमचा अनुभव भयानकात मावत नाही. भयाचे स्वाभाविक कार्य पलायन हे होय. भयभीत मनुष्य आपल्या देहाच्या रक्षणाकडे वळतो, आक्रसतो. येथे श्रोता आक्रसत नाही, विस्तारतो. द्रुत आघातांच्या पडद्यावर दीर्घ स्वरवाक्य उलगडू लागले की मनास एक प्रकारची उंची प्राप्त झाल्याचा प्रत्यय येतो. ही उंची विस्मयाची, म्हणजे अद्भुताची आहे. भरताने अद्भुतास पीतवर्ण दिला आहे, तो या काळ्या पटावर अनपेक्षितपणे चमकून जातो.

भयानकातून अद्भुताकडे होणारे हे संक्रमण मराठी परंपरेस नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेवांनी शांत व अद्भुत या दोन रसांच्या भेटीचा उल्लेख केला आहे. आणि त्याच अध्यायात विश्वरूपाच्या दर्शनाने अर्जुन भयाने कासावीसही होतो. पाश्चात्त्य विचारात एडमंड बर्कने १७५७ मध्ये उदात्ताची मीमांसा करताना अस्पष्टता व काळोख ही भयजनक उदात्ताची साधने मानली, आणि भय आनंददायी होण्यासाठी धोका काही अंतरावर असावा लागतो, अशी अट घातली. रुडोल्फ ऑटो या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये पावित्र्याच्या मुळाशी असलेल्या अनुभवाचे वर्णन कंपित करणारे व त्याच वेळी आकृष्ट करणारे गूढ, असे केले. ही सर्व विवेचने एकाच ठिकाणी बोट ठेवतात : काळोखाचे अलौकिकत्व भयाच्या तीव्रतेवर अवलंबून नसते, भय ओलांडून मन कोणत्या दिशेस जाते, यावर ते अवलंबून असते.

येथे बर्कच्या अटीचा चिचगडच्या अनुभवाशी खटका उडतो. झाडीपट्टीत चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचण्यासाठी स्त्रिया पहाटेपूर्वीच रानात जातात. त्याच फुलांसाठी अस्वलेही येतात. धानाच्या राखणीसाठी शेतकरी रात्र शेतात काढतो, तेव्हा रानडुकरांची चाहूल त्याच्या झोपेत मिसळलेली असते. नवेगाव-नागझिरा हे क्षेत्र २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. वाघ या मुलखात कधीच केवळ कथेतला नव्हता. याखेरीज गेल्या काही दशकांत सशस्त्र संघर्षाची छाया या सीमाभागावर पडली आणि रात्री दारावर पडणाऱ्या थापेस एक वेगळाच अर्थ प्राप्त झाला. अशा ठिकाणी धोका ‘काही अंतरावर’ नसतो. मग काळोखाचे सौंदर्य ही केवळ सुरक्षित माणसाची चैन म्हणावयाची काय?

हा आक्षेप सहजासहजी झटकून टाकता येण्यासारखा नाही. परंतु झाडीपट्टीचा सांस्कृतिक व्यवहारच त्यास उत्तर देतो. याच मुलखात दिवाळीनंतर मंडई भरते, रात्ररात्र दंडार रंगते, खडी गंमत उभी राहते. आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. या रंगभूमीवरील कार्याबद्दल परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष तिच्याकडे थोडेफार वळले. ज्यांच्या वाट्यास काळोखाचा धोका प्रत्यक्ष येतो, तेच लोक आपली कला रात्रीच्या हवाली करतात. धोक्यापासूनचे अंतर त्यांना भूगोलाने दिलेले नाही. ते त्यांनी समूहाने, गाण्याने व ढोलकीच्या थापेने निर्माण केले आहे. बर्कची अट त्यामुळे रद्द होत नाही. ती अधिक खोल अर्थाने समजून घ्यावी लागते. अंतर ही कलेपूर्वीची सोय नसून कलेची निर्मिती असू शकते.

३

अलौकिकतेचा हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यातच एका प्राचीन कथेच्या रूपाने मांडला गेला आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे डोंगरात विशाल नैसर्गिक गुहा आहेत. माघ पौर्णिमेस तेथे भरणाऱ्या यात्रेस निरनिराळ्या राज्यांतून गोंड समाजाचे लोक येतात. या स्थानाशी निगडित कथा मोतीराम कंगाली यांच्या लेखनातून सुशिक्षित वाचकांपर्यंत पोचली. तिचा सारांश असा : कली कंकालीच्या तेहतीस मुलांना शंभूने गुहेत कोंडले व तिच्या तोंडावर प्रचंड शिळा लावली. त्यांच्या मुक्ततेसाठी पहांदी पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी हिरासुका पाटालीर या वादकाची योजना केली. हिरासुकाने गुहेच्या तोंडाशी बसून किंगरी वाजविली. त्या स्वरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ संचारले. त्यांनी एकवटून शिळा लोटली. शिळा ढळली, मुले बाहेर आली. आणि त्याच शिळेखाली सापडून हिरासुका मरण पावला. मुक्त झालेली ती मुले पुढे लिंगोचे शिष्य झाली.

या कथेचे पाठभेद आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमविलेली व त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेली लिंगोगीताची संहिता या दृष्टीने महत्त्वाची आहे. तीत गुहेत कोंडले जातात ते समस्त गोंड, आणि सुटकेचे श्रेय लिंगोच्या तपास दिलेले आहे. मात्र त्याही संहितेत संगीताचे सामर्थ्य दाखविणारा प्रसंग आहे : लिंगो झाडावर बसून आपले तंतुवाद्य वाजवितो आणि ते ऐकून रिकाड गवाडी हा भयंकर राक्षस व त्याची वृद्ध पत्नी भान हरपून नाचू लागतात. पाठ कोणताही घेतला तरी काळोख, बंधन, भयप्रद शक्ती व तंतुवाद्य यांचा संबंध कायम राहतो.

हिरासुकाची कथा समीक्षेच्या भाषेत वाचली, तर तिच्यात संगीताच्या कार्याविषयीची एक सूक्ष्म उपपत्ती दडलेली दिसते. किंगरीच्या स्वरांनी शिळा आपोआप सरकली, असे कथा म्हणत नाही. शिळा मुलांनी लोटली. संगीताने जे केले ते आतल्या श्रोत्यांत केले. वादक बाहेर, उजेडात आहे. श्रोते आत, अंधारात आहेत. दोहोंमध्ये दगड आहे. आणि दगडापलीकडून ऐकू आलेला स्वर एवढाच त्यांचा संबंध आहे. संगीत वस्तुस्थिती बदलीत नाही, वस्तुस्थिती बदलू शकेल असा मनुष्य घडविते, हा विचार येथे कथारूपाने प्रकट झाला आहे. या कथेतील काळोख हा उंबरठा आहे. तो भयंकर आहे, पण ओलांडण्यासाठी आहे.

‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’च्या शब्दांतील काळोख याच्या नेमका उलट आहे. रात्र, हिवाळा, रक्त व मृत्यू यांचे आवाहन करणारे ते शब्द काळोखास गंतव्य मानतात. तेथे गुहेतून बाहेर यावयाचे नाही. गुहेत अधिकाधिक खोल जावयाचे आहे, आणि प्रकाश हाच शत्रू आहे. दोन्ही ठिकाणी तंतुवाद्य आहे, काळोख आहे, मृत्यू आहे आणि अलौकिकाचा ध्यास आहे. पण बाणाची दिशा विरुद्ध आहे.

४

शब्दांचा हा दावा संगीत खरा करून दाखविते काय, हा समीक्षेचा खरा प्रश्न होय. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचा उलगडा लयतत्त्वाने केला. संवाद, विरोध व समतोल हे घटकांमधील संबंधांचे तीन नियम त्यांनी मानले. मर्ढेकरांची उपपत्ती साहित्यास लावताना अनेक अडचणी उद्भवतात. संगीतास मात्र ती बरीच सुकरतेने लागू पडते. तिच्या साहाय्याने या अल्बमची घटना पाहिली असता एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते.

आघातांचा दाट पडदा व घोगरा कंठ हा एक पक्ष. दीर्घ, संवादी स्वरवाक्य हा दुसरा पक्ष. यांच्यातील विरोध हे या संगीताचे मूलद्रव्य आहे. केवळ पहिला पक्ष असता तर कर्कशता उरली असती, आणि नॉर्वेतील कित्येक कृतींत ती तेवढीच उरते. केवळ दुसरा पक्ष असता तर एक गोड, किंचित उदास धून उरली असती. वातावरण उत्पन्न होते ते दोहोंच्या ताणातून. या ताणात स्वरवाक्याचे कार्य कोणते? ते दिशा दाखविते. पडद्यास दिशा नसते. तो केवळ असतो. स्वरवाक्य मात्र कोठून तरी निघून कोठे तरी जाते, चढते, न्यास घेते. निबिड अरण्यात दूरवर एखादा टेंभा हालत जावा, तसा त्याचा प्रत्यय येतो. घटनेच्या दृष्टीने पाहता या अल्बममधील स्वरवाक्य हाच प्रकाश आहे. प्रकाशाच्या शत्रुत्वाची घोषणा करणाऱ्या कृतीने आपले सारे सामर्थ्य प्रकाशाच्या एका रूपाकडून उसने घेतले आहे!

शेवटची पियानोरचना या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण ठरते. तिच्यात घोगरा कंठ नाही, आघातांचा पडदा नाही. अल्बमभर ज्या कर्कशतेच्या आडून स्वर ऐकू येत होते, ती कर्कशता दूर होऊन स्वर एकटे उरतात. शीर्षक स्वप्नहीन निद्रेचे, म्हणजे मृत्यूचे सूचक आहे. पण कानांस जाणवते ती निवृत्ती. अभिनवगुप्ताने शांत रसाची सर्व रसांच्या मुळाशी स्थापना केली, तिची आठवण येथे होणे अस्वाभाविक नाही. हा पूर्ण शांत रस आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. शांताची जागा मोकळी करून ठेवली आहे, एवढे निश्चित म्हणता येईल. शब्दांनी जेथे अंत मांडला तेथे संगीताने विराम मांडला आहे. वादळ हे शीर्षक, पण शेवट निवांताचा.

गोंडी रेला गीतांशी तुलना केली असता हा मुद्दा आणखी स्पष्ट होईल. रेलातही एकच पालुपद पुनःपुन्हा येते. पावले त्याच वर्तुळात पडतात. पुनरुक्तीनेच काळाचे भान विरघळते. पुनरुक्तीतून देहभान हरपण्याचे तंत्र दोन्हीकडे समान आहे. फरक असा की रेलात पुनरुक्ती शेजारच्या माणसाच्या हातात हात देऊन होते. अल्बमच्या श्रोत्याचा हात रिकामा असतो. एकाकीपणा हा येथे केवळ विषय नसून ऐकण्याची अट आहे, आणि या अटीमुळे कृतीचे अलौकिकत्व तीव्र होते तसेच धोकादायकही होते.

५

हा धोका काल्पनिक नाही. नॉर्वेत १९९२ पासून या संगीताशी संबंधित तरुणांनी प्राचीन लाकडी चर्चे जाळली. योन नोट्वेइट हा स्वतः एका सैतानपूजक गूढपंथाशी निगडित होता. १९९७ मध्ये गोथेनबर्ग येथे अल्जीरियन वंशाच्या एका समलिंगी पुरुषाची हत्या झाली. तीत साहाय्य केल्याबद्दल नोट्वेइटला शिक्षा झाली. २००४ मध्ये सुटका झाल्यावर त्याने मंडळाचे पुनरुज्जीवन केले, २००६ मध्ये ‘राइनकेऑस’ हा अल्बम प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी स्वतःचे जीवन संपविले. शब्दांत मांडलेला काळोख त्याने शब्दशः खरा मानला. त्याची पहिली किंमत एका परक्या, निरपराध माणसाने दिली.

अशा वेळी समीक्षेपुढे दोन सोपे मार्ग असतात. कलावंताचे चरित्र व कलाकृती यांचा संबंध नाही असे म्हणून पहिला मार्ग मोकळा होतो. कलाकृतीच दूषित आहे असे म्हणून दुसरा. दोन्ही मार्ग कृती नीट ऐकण्याचे टाळतात. पहिल्याने अल्बममधील शब्दांचा व श्रद्धेचा भाग नजरेआड करावा लागतो, आणि तो तर त्या कृतीचा उघड भाग आहे. दुसऱ्याने स्वरवाक्यांत प्रत्यक्ष ऐकू येणारी उंची नाकारावी लागते. वरील विवेचनातून तिसरा मार्ग सुचतो. कृतीच्या घटनेने जे साधले आहे ते कर्त्याच्या श्रद्धेहून निराळे, किंबहुना तिच्या विरोधात जाणारे आहे. कर्त्यास आपल्याच स्वरांचा अर्थ कळला नाही, असे म्हणावे लागते. तो ज्यास वादळ समजला, त्याचा शेवट त्यानेच पियानोच्या निवांतात केला होता.

मात्र या मार्गाची मर्यादाही सांगितली पाहिजे. घटनेचे हे रहस्य प्रत्येक श्रोत्यास उमगेल याची शाश्वती नाही. शब्दांचा काळोख आधी कानी पडतो. स्वरांचा प्रकाश शोधावा लागतो. एकाकी, दुखावलेल्या तरुण श्रोत्यास शब्दच सत्य वाटण्याचा संभव अधिक. म्हणून अशा कृतीचे विवेचन ही केवळ रसिकांची चैन नव्हे. तो शिक्षणाचाही भाग ठरतो.

हा प्रश्न आता स्वीडनपुरता उरलेला नाही. मुंबईत साहिल मखिजा यांनी २००० मध्ये स्थापन केलेल्या ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ या मंडळाने याच कुळातील संगीत महाराष्ट्रात रुजविले. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) व ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) या त्यांच्या अल्बमांची नावे पाहता काळोख हेच बोधचिन्ह असल्याचे दिसते. परंतु २०१७ मध्ये त्यांनी ‘दशावतार’ हा अल्बम रचला; त्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक, अशा दहा रचना आहेत. काळोखाची ही भाषा अवतारकथेस, म्हणजे अधर्माच्या पराभवाच्या कथेस लावण्याचा हा प्रयत्न लक्षणीय आहे. सिंधुदुर्गातील दशावतारी खेळात रात्री काळ्या वेषातील संकासुर आधी येतो, प्रेक्षकांशी थट्टा करतो, आणि मग विष्णूच्या हातून त्याचे पारिपत्य होते. काळोखास रंगमंचावर प्रथम प्रवेश द्यावा, पण शेवटचा शब्द त्यास देऊ नये, हा संकेत लोकपरंपरेने शतकानुशतके पाळला. मुंबईच्या या तरुणांनी तो जाणूनबुजून पाळला की कथेच्या ओघाने तो पाळला गेला, हा गौण प्रश्न आहे. काळोखाची दिशा बदलली, हे महत्त्वाचे.

६

निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. संगीतातील ‘काळोखी’ वातावरण हा एकजिनसी गुण नसून परस्परविरोधी घटकांच्या ताणातून उत्पन्न होणारा परिणाम आहे. त्याचे अलौकिकत्व भयानकात नसते. भयानकातून अद्भुताकडे आणि क्वचित शांताच्या सीमेपर्यंत होणाऱ्या गतीत ते असते. ही गती ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’ या कृतीत निःसंशय आहे, आणि म्हणूनच ती श्रेष्ठ कृती ठरते. परंतु तिचे शब्द त्या गतीस नाकारतात, आणि म्हणूनच ती अपुरी ठरते. वादकाने उंबरठ्यावर बसून वाजविले, पण आपण गाभाऱ्यातच आहोत असे तो समजला.

कचारगडच्या कथेतही वादक मरतो. परंतु तेथे शिळा बाहेरच्या बाजूस कोसळते आणि तेहतीस मुले उजेडात येतात. चिचगडच्या रानात पहाटेपूर्वी मोह वेचणाऱ्या स्त्रीस काळोख कोणी शिकवावा लागत नाही. तिला ठाऊक असते की टोपली भरेपर्यंत उजाडणार आहे. काळोखाच्या कोणत्याही कलाकृतीस विचारावयाचा प्रश्न एवढाच : तिच्यातला स्वर दगडाच्या आतल्या माणसास बळ देतो, की दगड अधिक घट्ट बसवितो? ‘डिसेक्शन’च्या या अल्बमचे उत्तर शब्दांत एक व स्वरांत दुसरे आहे. समीक्षकाने शब्द वाचावे, पण निर्णय देताना स्वरांची साक्ष काढावी.